अहवाल बाजूला ठेवा, वही तपासा

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे उपक्रम आले, त्यांना श्रेयांकही मिळाले आणि पाठोपाठ एक वाद सुरू झाला. सत्र संपत आलं की तो हमखास उसळतो. एका बाजूचं म्हणणं असं, की हा नुसता देखावा आहे. मुलं वस्तीत जातात, बॅनर धरून जिओटॅग फोटो काढतात, झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीचा अहवाल उचलून वरचं नाव बदलतात. आता तर तेवढेही कष्ट नकोत, चॅटजीपीटी चाळीस पानं तयार करून देतं. त्यापेक्षा मुलांना एक्सेल शिकवा, इंग्रजी बोलायला शिकवा, चार पैसे मिळवण्याजोगं काहीतरी हाती द्या. दुसरी बाजू फील्ड प्रोजेक्टची कड घेते, पण कोणत्या शब्दांत? संवादकौशल्य वाढतं, नेतृत्वगुण येतात, मोठ्या कंपन्याही हल्ली ग्राहकांच्या घरी जाऊन निरीक्षण करणारी माणसं नेमतात, म्हणजे यातही करिअर आहे. एक म्हणतो यानं नोकरी मिळत नाही, दुसरा म्हणतो मिळते. या तासाला मुलं नेमकं काय शिकतात, निदान काय शिकू शकतात, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

मी समाजशास्त्र घेऊन पदवी केली. त्यात एथ्नोग्राफीचा एक पेपर होता, म्हणजे लोकांमध्ये जाऊन, पाहून, ऐकून त्यांच्या जगण्याबद्दल लिहायचं. त्याला जोडून लेखनाचा वर्ग होता. आज माझं काम सरकारी योजनांच्या मूल्यमापनाचे अहवाल वाचण्याचं आहे. त्या दोन वर्गांनी मला जे दिलं ते बाकीच्या कुठल्याही विषयानं दिलं नाही, हे मी पूर्ण विचारांती म्हणते. फील्डवर्क आणि लेखन ही दोन्ही एकाच शिक्षकाच्या नजरेखाली, सावकाश शिकवली, तर पदवीच्या वर्षांत त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मग विद्यार्थी पुढे बँकेत जावो, पोलिसात जावो की घरची शेती करो. दुसऱ्या माणसाबद्दल लिहिलेल्या एकेका वाक्याची जबाबदारी घ्यायला लावणारा तास आपल्या शिक्षणात आणखी कुठे आहे? पण ही दोन्ही एकमेकांपासून तोडली की निकामी होतात, आणि बहुतेक कॉलेजांत आज नेमकं तेच झालं आहे. वस्तीत जायचं एका दिवशी, अहवाल लिहायचा महिन्याभरानं, आणि गुण फक्त अहवालाला.

हे का म्हणते ते सांगायला आधी शाळेतल्या निबंधाकडे जावं लागेल. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला आहे. त्यात काळी आई असते, बळीराजा असतो, डोळे आभाळाकडे लागलेले असतात, शेवटी कर्जाचा डोंगर आणि तरीही न खचणारी जिद्द. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांची होती. ज्या मुलाचे वडील आदल्या रात्री विजेच्या पाळीमुळे दोन वाजता मोटर चालू करायला गेले होते, तोही सकाळी उठून गाइडमधला शेतकरी लिहीत होता. खताच्या गोणीबरोबर दुकानदारानं गळ्यात मारलेली दुसरी बाटली, सोसायटीच्या सचिवाकडे मारलेल्या चकरा, सातबाऱ्यावर लागलेलं चुलत्याचं नाव, यांतलं काहीही त्या निबंधात येत नसे. कारण ते ‘चांगलं मराठी’ नव्हतं आणि त्याला गुण नव्हते. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, पावसाळ्यातला एक दिवस, मी मुख्यमंत्री झालो तर: दहा वर्षं आपण मुलांना न बघता लिहायला शिकवतो, आणि त्यात ती पटाईत होतात. हीच मुलं कॉलेजात आल्यावर फील्ड प्रोजेक्टचा अहवाल न बघता लिहितात, तेव्हा ती लबाडी करतात असं मला वाटत नाही. त्यांना शिकवलेलं काम ती चोख करत असतात.

मराठीला दुसरी परंपरा नव्हती असं तर मुळीच नाही. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी मुंबईवर लिहिलं ते शहर हिंडून, बाजार आणि रस्ते बघून. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याची कैफियत मांडली तेव्हा नुसता आक्रोश केला नाही. त्याचं घर, घरातल्या वस्तू, अंगावरचं वस्त्र यांची एकेक करून नोंद दिली. त्या नोंदींमुळे त्यांचा राग खोडता येत नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी गावाच्या कारभाराबद्दल लिहिलं, तेही महसूल खात्यात गावोगाव फिरून जे पाहिलं त्याच्या बळावर. त्यांच्या मतांशी आज आपलं पटेल किंवा पटणार नाही, पण कोणता बलुतेदार कशाच्या बदल्यात काय घेतो हे पाहायला आजही त्या पानांकडे जावं लागतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे झालं त्या भाषेतल्या मुलांना आज गाइडमधला शेतकरी पुरतो, ही गोष्ट मला फार लागते.

आता त्या वर्गाबद्दल. शिक्षकांचा आग्रह एका साध्या वहीचा होता. डाव्या पानावर जे दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं, वेळ आणि जागेसकट. उजव्या पानावर आपल्याला काय वाटलं, काय आठवलं, कशाचा राग आला, ते. दोन्ही पानं त्याच रात्री भरायची आणि भरेपर्यंत त्या दिवसाबद्दल कोणाशी बोलायचं नाही, कारण एकदा गोष्ट रंगवून सांगितली की पुढे वहीत ती रंगवलेली गोष्टच उतरते. लोकांना ‘का’ कमी विचारायचं, ‘कसं’ जास्त विचारायचं. ‘का’ विचारलं की माणूस आपल्याला पटेल असं उत्तर शोधतो. ‘कसं’ विचारलं की तो काल काय केलं ते सांगायला लागतो. ऐकायला हे नियम किरकोळ वाटतात. पाळायला बसलं की कळतं, आपल्या डाव्या पानावर उजव्या पानाचं किती सांडतं ते.

आमच्या गटाला एक रेशन दुकान दिलं होतं. त्याआधी त्याच भागात दुसऱ्या एका विषयासाठी प्रश्नावली भरून झाली होती आणि त्यात एक प्रश्न होता: गेल्या महिन्यात रेशन मिळाले का? होय किंवा नाही. जवळपास सगळ्यांनी ‘होय’वर खूण केली होती. मग आम्ही दुकानाच्या पायरीशी बसायला लागलो. अंगठ्याच्या ठशावरून ओळख पटवणारं ई-पॉस मशीन खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं, कारण आत रेंज येत नव्हती. एक म्हातारी बाई अंगठा लावते, मशीन नाकारतं. ती पदराला अंगठा पुसते, पुन्हा लावते. दुकानदार म्हणतो, ‘मावशी, दुसरं बोट लावा.’ तेही नाही. तिची आयुष्यभर भांडी घासलेली बोटं गुळगुळीत झालेली आहेत. मागे रांग चुळबुळते. दुकानदार मशीन उचलून रस्त्याकडे धरतो, रेंज येते, अंगठा लागत नाही. ‘उद्या नातवाला घेऊन या, त्याचं नाव आहे ना कार्डावर?’ नातू सकाळी कामावर जातो आणि रात्री येतो. बाई पिशवीची घडी घालते, काखेत धरते आणि जाते. दोन दिवसांनी नातू खाडा करून आला, आणि त्या घराला गहू-तांदूळ मिळाले. म्हणजे प्रश्नावलीतलं ‘होय’ खरंच होतं. त्यात फक्त त्या नातवाचा बुडालेला रोज नव्हता, बाईच्या खेपा नव्हत्या, आणि ‘माझा अंगठा मेलाय’ हे ती मागच्या बाईला म्हणाली ते वाक्य नव्हतं. फुकट धान्याची किंमत त्या घराला किती पडली, हे होय-नाहीच्या चौकटीत येणार कसं?

लेखनाच्या वर्गात या नोंदींतून परिच्छेद लिहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. शिक्षक मध्येच थांबवत आणि एकच प्रश्न विचारत: हे तुला कुठून कळलं? ‘लाचार’ कुठून कळलं? ‘व्यवस्थेनं पिचलेली’ कुठे दिसलं? ‘दुकानदाराच्या चेहऱ्यावर बेफिकिरी होती’, म्हणजे त्यानं काय केलं? ज्या शब्दाच्या मागे डाव्या पानावरची नोंद नाही तो शब्द काढायचा. काढत काढत परिच्छेद लहान होई आणि गंमत म्हणजे जड होई. पुसलेला अंगठा आणि पिशवीची घडी उरली की ‘लाचार’ लिहायची गरजच पडत नसे. शैलीचा धडा म्हणून हा मोठा आहेच, पण माझ्या लेखी तो आधी न्यायाचा धडा आहे. त्या बाईला ‘लाचार’ ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

पुढची पायरी याहून अवघड होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचून दाखवायचं. आमच्यातल्या एकीनं त्या बाईला घरी जाऊन वाचून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘समदं बराबर हाय. पन त्या दुकानदाराचं लिवलं न्हाई. त्यो तरी काय करनार, मशीन त्याच्या बापाचं हाय व्हय?’ आमच्या मसुद्यात दुकानदार खलनायक होता, तिच्या हिशेबात तो नव्हता. मग आम्ही त्याच्याकडे गेलो, त्याचं कमिशन, त्याच्या तक्रारी, मशीन बंद असलं की त्याला वरून येणारे फोन हे ऐकलं आणि लेख बदलला. वस्तीतल्या बाईनं कॉलेजच्या मुलांचा लेख तपासला, आणि तिची दुरुस्ती आमच्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा नेमकी होती.

इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोकांमध्ये जाऊन त्यांच्याबद्दल नोंदी करण्याची ही विद्या जन्मली ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी, असं ते म्हणतात. खरं आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी इथल्या जातीजमातींचे खंडच्या खंड भरले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाच्या मापावरून वंश आणि जातीची उतरंड सिद्ध करू पाहत होते. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ पर्यंत कायद्यात राहिला आणि समाजाच्या मनातून अजून गेलेला नाही. त्या शिक्क्यामागेही असल्या ‘अभ्यासां’चं बळ होतं. परदेशातली उदाहरणंही काही फार सुखाची नाहीत. दीर्घकाळ लोकांत राहून अभ्यास करण्याच्या पद्धतीचे अध्वर्यू मानले जाणारे मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली त्यांची खासगी डायरी छापली गेली तेव्हा ज्या लोकांबद्दल ते जगाला इतक्या आपुलकीनं सांगत होते त्यांच्याविषयीचा त्यांचा वैताग आणि तुच्छता उघडी पडली. मग असली नजर आपण एकोणीस वर्षांच्या मुलांना का शिकवायची? वस्तीतल्या माणसांनी दर सत्राला नव्या तुकडीसमोर आपली गरिबी का उलगडून दाखवायची?

पण याच इतिहासाचं दुसरं पान आहे, आणि ते महाराष्ट्राचं आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला निबंध होता तो. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या जातीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, युरोपीय अभ्यासक रंगाच्या मुद्द्याला नको इतकं महत्त्व देतात हे सांगितलं आणि जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींकडे त्यांनी ‘हे नेमकं कोणतं काम करतात’ या नजरेनं पाहिलं. राज्यकर्त्यांनी जी विद्या मोजमापासाठी वापरली, तिच्याच वर्गात बसून एका विद्यार्थ्यानं त्या मोजमापाचा पाया काढून दाखवला. त्यानंतर दशकभरानं इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून वंशभेद सिद्ध व्हावा अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, स्वतःची पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर. त्या मुलीच्या हाती काय होतं? मोजलेलं होतं, आणि मोजलेल्याच्या बाहेर न जाण्याची शिस्त होती. खोट्या निरीक्षणाला उत्तर खऱ्या निरीक्षणानंच देता आलं. पुढे भटक्या-विमुक्त समाजांतून लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड यांनी स्वतःच्या माणसांबद्दल स्वतः लिहिलं तेव्हा त्या जुन्या खंडांतल्या वर्णनांची पत कायमची गेली. ती नजर वाईट हातात होती म्हणून नजरच नको, असं त्यांच्यापैकी कोणी म्हटलं नाही.

यातूनच दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो मला पहिल्याहूनही जवळचा वाटतो. मुंबई-पुण्याच्या मुलांना वस्ती दाखवणं ठीक आहे, पण जो मुलगा त्याच वस्तीतून, त्याच गावातून आला आहे त्याला काय दाखवणार? त्याला नोकरी हवी आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याला पुन्हा त्याच्याच गल्लीत प्रश्नावली घेऊन पाठवणं हा त्याचा अपमान आहे. माझं उत्तर असं, की त्याला वर पाठवा. लॉरा नेडर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्येच विचारलं होतं, की अभ्यासकांनी नेहमी सत्ता नसलेल्यांकडेच का पाहायचं? सत्ता असलेल्यांचा अभ्यास का करायचा नाही? वस्तीतल्या मुलानं तहसील कचेरीत दाखल्यांच्या खिडकीपलीकडे काय चालतं ते बघावं. बँकेत पीककर्जाचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस थांबतो ते बघावं. शेतकऱ्याच्या मुलीनं बाजार समितीत लिलावाच्या वेळी अडत्या, खरेदीदार आणि तोलार यांच्यात शब्द कसे फिरतात ते टिपावं. ज्या खिडक्यांसमोर तिच्या घरच्यांनी आयुष्य काढलं त्यांची आतली बाजू तिला दिसली, तर त्याचा उपयोग तिला एक्सेलपेक्षा कमी होईल का? आणि वहीत नोंदी ठेवणारी मुलं कचेरीत बसली आहेत हे कळल्यावर त्या खिडकीवरचं बोलणंही थोडं बदलेल, अशी मला आशा आहे.

शिवाय ‘मला माहीतच आहे’ या भावनेवर फार विसंबू नये. पंढरीची वारी कोणत्या मराठी माणसाला माहीत नसते? इरावती कर्वे ती चालल्या, त्यात रमल्या, ज्या प्रदेशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र असं त्यांना त्या वाटेवर जाणवलं. आणि त्याच वाटेवर एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवताना जातीप्रमाणे वेगळी बसतात, हेही त्यांनी लिहिलं. प्रेमानं बघणाऱ्या माणसाला हे दिसणं फार कठीण असतं, आणि दिसलं तरी लिहिणं त्याहून कठीण. आपल्याच घराबद्दल, आपल्याच गावच्या जत्रेबद्दल, आपल्याच पक्षाच्या सभेबद्दल असं लिहिता येणं ही मोठी गोष्ट आहे. गाइडमधला शेतकरी लिहिणाऱ्या त्या मुलाला वडील माहीत होतेच. त्यानं त्यांच्याकडे लिहिण्याजोगं म्हणून पाहिलं नव्हतं, कारण तसं पाहावं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आकड्यांवर विश्वास असणारे म्हणतील, एका दुकानाच्या पायरीवर बसून राज्याचं धोरण ठरत नाही. नाहीच ठरत. किती घरांना धान्य मिळालं हे कळायला मोठं सर्वेक्षणच लागतं, आणि माझं पोट अशाच सर्वेक्षणांच्या अहवालांवर भरतं. पण सर्वेक्षणात कोणता प्रश्न विचारायचा हे कोण ठरवणार? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली एका गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला: पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि आयटीवाल्यांची घरं आहेत. तेव्हा ते दख्खनचं कोरडवाहू खेडं होतं. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, शेती घराला पुरते का, कर्ज कुठे साचतं, हे सगळं त्यांनी आकड्यांत मांडलं, आणि ते आकडे एका गावाचा माग काढत जमवले. आमच्या प्रश्नावलीत ‘रेशन मिळाले का’ याऐवजी ‘किती खेपांनी मिळाले’ हा प्रश्न असता तर उत्तरं पार वेगळी आली असती. तो प्रश्न सुचायला पायरीवर बसावं लागतं. मी वाचते त्या अहवालांत ९० टक्के, ९५ टक्के समाधानी लाभार्थी असतात. प्रश्न कोणी, कुठे बसून तयार केला हे मी आता सगळ्यात आधी शोधते.

आणि चॅटजीपीटीसारख्या यंत्राचं काय? अहवाल जर यंत्र लिहिणार असेल तर लेखनाचा वर्ग कशाला, असं हल्ली शिक्षकच विचारतात. यंत्र अहवाल लिहितं हे खरंच आहे, कारण आपण मागतो तो अहवाल असाच असतो: प्रस्तावना, उद्दिष्टं, संशोधन पद्धती, निष्कर्ष, शिफारशी. त्या साच्यात कोणत्याही वस्तीचं नाव घातलं तरी काही बिघडत नाही. पण मशीन कठड्यावर का ठेवलं होतं हे यंत्राला माहीत नाही, कारण ते तिथे नव्हतं. आणि लिहिणं म्हणजे आधीच कळलेलं कागदावर उतरवणं, हा समजही तपासायला हवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला, त्या नोंदींवर अठरा वर्षं संस्कार करत राहिले. १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला समाजकंटकांनी आग लावली आणि त्या संस्कारित नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यांनी मग गाव आठवणीतून लिहून काढलं, आणि १९७६ साली आलेल्या त्या पुस्तकातली माणसं आजही जिवंत वाटतात. कोणी म्हणेल, बघा, नोंदींवाचून काही अडलं नाही. मला त्यातून उलट दिसतं. तो माणूस गावाबद्दल इतकी वर्षं लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत आला होता, म्हणून जळाल्यावरही गाव त्याच्यात शिल्लक होतं. जो विद्यार्थी पहिल्याच दिवशी लिहिणं यंत्रावर सोपवतो त्याची वही जळाली तर त्याच्यात काय शिल्लक राहील?

राहिला शिक्षकांचा मुद्दा, आणि त्यावर माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नाही. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग, कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन कॉलेजांत धावतो आणि मानधन महिनोन्महिने थकतं. त्यानं सव्वाशे वह्यांची डावी-उजवी पानं कधी वाचायची? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला फोटो हवा म्हणून तो फोटो मागतो, यात त्याला दोष कसा द्यायचा? त्यामुळे सक्ती असेल तेवढीच ठेवावी आणि काम लहान करावं. पाच वस्त्यांचं सर्वेक्षण नको. एक जागा, एक सत्र, एकच विद्यार्थी किंवा दोघं. चाळीस पानांचा अहवाल नको. भरलेली वही आणि तिच्यातून लिहिलेली तीन पानं पुरेत. ती तीन पानं मराठीत लिहायची मोकळीक हवी, आणि बाई बोलली तशीच तिची बोली त्यात यायला हवी. निम्मे गुण वहीला द्यावेत. तोंडी परीक्षेत पुस्तकातली व्याख्या विचारू नये. वहीतलं कोणतंही पान उघडून एखाद्या शब्दावर बोट ठेवावं आणि विचारावं, हे तुला कुठून कळलं? ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचून दाखवलं का, आणि त्यांनी काय दुरुस्त केलं, याचे वेगळे गुण असावेत. हे तीस मुलांमागे एक शिक्षक असेल तर जमतं. आमच्या वर्गात जमलं ते त्यामुळेच. फील्ड प्रोजेक्ट बंद करा म्हणणारे आणि चालू ठेवा म्हणणारे, दोघांनाही मुलांची काळजी आहे हे मी मानते. तर रिकाम्या जागा भरण्याची आणि या विषयाच्या तुकड्या तीसच्या आत ठेवण्याची मागणी या दोघांनी मिळून विद्यापीठाकडे आणि सरकारकडे करावी, पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत.